वहिनीचं हुमुस

वहिनी, तू गेल्यापासून ओसरीवर रोज कोणी ना कोणी येऊन बसतं, "गरीब गाय होती बिचारी" म्हणतं आणि डोळे पुसतं. मी मान हलवते, पण मनातून मला हसू येतं. तू आणि गरीब गाय! ज्याला कधी तुझ्या दोन प्रश्नांना तोंड द्यावं लागलं नाही, त्यालाच असं म्हणता येईल. दादा लढाईवरून आला तेव्हा अख्खा गाव त्याच्याभोवती जमला होता. कोणी तोफांचं विचारलं, कोणी बोटीचं, कोणी गोऱ्या साहेबाचं. तू दाराआड उभी राहून सगळं ऐकलंस आणि लोक गेल्यावर माझा पदर ओढून विचारलंस, "बाई, यायले विचारा ना, तिकडं खात काय होते?"

काल तेरावा दिवस, तुझी तेरवी झाली. काल मला एक गोष्ट कळली आणि ती तुला कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही. पण तुला कोणतीही गोष्ट मधूनच सांगितलेली खपत नसे. "पयलेपासून सांगा," म्हणायचीस. म्हणून पहिल्यापासून सांगते, तुला ठाऊक असलेलंसुद्धा.

पहिल्या लढाईच्या वेळी दादा सरकारी खच्चरांबरोबर गेला. तुझं लग्न झालं होतं, पण तू नांदायला आलीस तेव्हा नवरा समुद्रापलीकडे होता. दादाला तू ओळखतच नव्हतीस म्हटलं तरी चालेल. तुला ठाऊक होता तो मायनं सांगितलेला दादा. धानाच्या बांधीत चिखल करताना गाणी म्हणणारा, जेवताना तिसऱ्यांदा भात मागणारा, बैलांना शिव्या देता देता हसणारा. माय भाकर थापताना सांगायची आणि तू चुलीशी बसून ऐकायचीस. अशी नवऱ्याची वाट पाहिलीस तू, दुसऱ्याच्या तोंडच्या माणसाची.

आणि आला तो कोण? खंगलेला, गालफडं बसलेला, गोठ्याच्या दारात उकिडवा बसून राहणारा माणूस. चार घास खाऊन हात धुवायचा. गाण्याचं नाव नाही. माय म्हणे, देव पावला, पोरगा परत आला. तू मला भांडी घासता घासता हळूच म्हणालीस, "बाई, हे परत आलेच नाई. अंग आलं फक्त." मी तेव्हा पोरसवदा होते, पण ते ऐकून माझ्या हातातला गंज तसाच राहिला होता.

तर मी तुझा प्रश्न दादाकडे नेला. तो म्हणाला, "हुमुस." घरी आल्यापासून आपण होऊन बोलल्यासारखा तो त्याचा पहिला शब्द. मग अडखळत बाकीचं आलं. तुर्कांच्या मुलखात, शाम देशात, कुठल्याशा डोंगरातल्या गावात त्यांची खच्चरं एका अंगणात बांधली होती. दादाला हगवण लागली होती, शिध्यातला घास पोटात ठरत नव्हता. त्या घरात एक बुढी एकटीच होती. तिची पोरं तुर्कांच्या फौजेत नेलेली, म्हणजे आपल्या दादाच्या विरुद्ध बाजूला. त्या बाईनं दादाला वाटीत काहीतरी पांढुरकं, लुसलुशीत आणून दिलं, वरून तेल, सोबत रोटी. ते पोटात ठरलं. जोवर तिथं होता तोवर ती रोज देत राहिली. ती काय बोलायची ते दादाला कळत नसे आणि दादाचं तिला.

मी येऊन तुला हे सांगितलं तेव्हा तू फक्त विचारलंस, "कायचं बनवते ते?" चणे, लिंबू, लसूण, तीळ आणि कोण्या झाडाच्या फळाचं तेल, एवढंच दादाला ठाऊक होतं. तुला तेवढं पुष्कळ होतं. त्या दिवसापासून तू मनाशी धरलंस की ज्या दिवशी ती चव अगदी तशीच साधेल त्या दिवशी तिकडे राहिलेला माणूस इकडे येईल. मला ते तेव्हा खुळ्यासारखं वाटलं. आज वाटत नाही.

पहिल्या खेपेला घरात चणे नव्हते, म्हणून तू लाखोरीची डाळ घेतलीस. आपल्याकडे जे पेरतात तेच घरात असणार, आणि तुला वाटलं डाळ ती डाळ. थंड झाल्यावर ते इतकं घट्ट झालं की चमचा उभा राहिला. बाबांनी एक घास घेऊन विचारलं, पिठलं कालचं आहे का. दुसऱ्या खेपेची तर मला अजून आठवण झाली की नाक दाबावंसं वाटतं. झाडाच्या फळाचं तेल म्हटल्यावर आपल्या भागातल्या बाईच्या डोक्यात मोहाशिवाय दुसरं काय येणार? तू दिव्यासाठी ठेवलेलं टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल वरून ओतलंस, चांगलं सढळ हातानं. साऱ्या घरात वास सुटला. दादा वाटी तोंडाजवळ नेऊन थांबला, आणि वहिनी, तो हसला. पुरता नाही, ओठाच्या एका कडेनं. तू दाराआडून पाहिलंस आणि मला असा चिमटा काढलास की दंड काळानिळा झाला.

तेव्हा आपल्या घरात सुनेनं मोठ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. बाबा ओसरीवर, माय चुलीपाशी, आणि तुझे निरोप पोचवायला मी. पण दर खेपेला मी चवीचं जे उत्तर आणायचे ते तुला पुरेना. "आंबट कमी म्हनजे केवढं? लिंबासारखं का चिचेसारखं?" मी कंटाळून मायला म्हटलं, हिलाच पाठव, माझे पाय दुखले. माय कधी नव्हे ती म्हणाली, "जा वं, चवीपुरती जा." तेव्हापासून तू स्वतः वाटी घेऊन दादापुढे जायला लागलीस. डोक्यावरून पदर, नजर खाली, आणि तोंडानं एकामागून एक प्रश्न. पांढरं चुन्यासारखं का खव्यासारखं? जिभेला रवाळ लागे का नाही? दादा डोळे मिटून चाखायचा आणि म्हणायचा, "अखीन थोडं कमी हाय."

एकदा तू त्याला विचारलंस, बुढी वाटताना आवाज कसा यायचा. मला वाटलं हा कसला प्रश्न. दादा म्हणाला, ठप ठप, पाट्यासारखा खरखर नाही. तू तिथून उठलीस ती थेट उखळापाशी. ती बाई वाटत नव्हती, कांडत होती, आणि लाकडानं कांडत होती. त्या दिवसापासून तुझा पाटा-वरवंटा सुटला. चणे रात्रभर भिजवायचे, चिमूटभर पापडखार घालून बोटानं चिरडतील इतके शिजवायचे, पाण्यात चोळून एकेक फोलपट काढायचं आणि मग लाकडी मुसळानं हलक्या हातानं कांडत राहायचं. तीळ नुसते कोमट करून, लाल होऊ न देता. एवढं सगळं तू एका आवाजावरून काढलंस. ज्या देशाचं तोंड पाहिलं नाही, जिथला घास चाखला नाही, तिथला पदार्थ नवऱ्याच्या अर्धवट आठवणीतून उभा करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही, आणि आता पाहायचीही नाही.

मग जातीचा प्रश्न निघाला. समुद्र ओलांडून आलेल्याला पंचांपुढे बसून शुद्ध व्हावं लागे, जातीला रोटी, म्हणजे साऱ्या जातीला जेवण, द्यावी लागे. बाबांनी दादाला बजावून ठेवलं होतं की पंच विचारतील तेव्हा सांग, तिकडे मी माझ्या हातानं भात रांधून खाल्ला. मंडपात सगळी जात बसली. दादाची हजामत झाली, गोमूत्र झालं. थोरल्या पंचानं विचारलं, "तिकडं कोनाच्या हातचं खाल्लं?" दादा गप्प. बाबांनी खाकरून खुणावलं, तरी गप्प. त्याला खोटं बोलवत नव्हतं आणि खरं बोलायची हिंमत नव्हती. पत्रावळी मांडलेल्या, भात निवत चाललेला, आणि लोक उठून गेले असते तर आपल्या घरचं पाणी पुढे कोणी प्यालं नसतं. माझं लग्नही तिथंच अडलं असतं.

तेवढ्यात दाराआडून तुझा आवाज आला. "बुढीच्या हातचं खाल्लं यायनं. नसतं खाल्लं तं आज रोटी नसती दिली, तेरवी दिली असती."

मायनं कपाळावर हात मारून घेतला. बाईमाणूस पंचात बोललं होतं, तेही असं. थोरला पंच दाराकडे पाहत म्हणाला, "काय खाऊ घातलं तिनं?"

"चने," तू म्हणालीस. "आपल्याच चुलीवर करून राहिली मी. आनू का?"

आणि उत्तराची वाट न पाहता माझ्या हातात गंज दिलास. मी थोरल्या पंचाच्या पत्रावळीवर एक लपका टाकला. त्यानं बोट लावलं, चाखलं, बराच वेळ जीभ फिरवली. मग शेजारच्या पंचाला म्हणाला, "लसून जास्त झाला." आणि भात कालवायला घेतला. सगळी पंगत जेवायला लागली. बाबा नंतर आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत. पण पाहुणा आला की हीच गोष्ट मिशीवर हात फिरवत सांगायचे, तेही तू ऐकलंस.

जातीनं दादाला परत घेतलं. गावानं घेतलं. तू नाही घेतलंस. त्या संध्याकाळी मी म्हटलं, झालं ना वहिनी आता, आला ना तो? तू पत्रावळी उचलत म्हणालीस, "हातानं जेवले. मनानं नाई."

हाच आपला जन्माचा वाद, नाही का? मला गोंदियात दिलं, मी बाजारातून तुला लिंबं आणि पांढरे तीळ आणायचे, आणि दर खेपेला आपण तिथंच येऊन भांडायचो. मी म्हणायचे, दादा शेत करतो, पोरांना खांद्यावर घेतो, चिखलणीला पुन्हा गुणगुणायला लागला आहे, तुला अजून काय हवं? तू म्हणायचीस, "मंग हुमुस खाताना डोळे कायले मिटते? कोठी जाते तो मानूस?" मी तुला चिडवायचे की ती बुढी तुझी सवत आहे. तू रागवायची नाहीस. उलट गंभीरपणे विचारायचीस, "तिचे पोट्टे आले असन का वो बाई घरी?" आणि उखळातून पहिला घास काढून तिच्या नावानं तुळशीपाशी ठेवायचीस. ज्या बाईनं तुझा नवरा अर्धा ठेवून घेतला असं तुला वाटत होतं, तिच्या पोरांची काळजी तू शेवटपर्यंत केलीस. हे मोठं मन मला कधीच जमलं नसतं.

आणि हात थांबला नाही तुझा. लिंबं नसतील तेव्हा वाळलेली अंबाडीची बोंडं भिजवून त्यांचं पाणी. हिवाळ्यात लसणाच्या पातीसकट. वर कधी जवसाचं ताजं तेल, कधी तिळाचं, कधी तेलात परतलेली लाल मिरची. परसात सांबार निघाला की त्या कोथिंबिरीनं हिरवंगार करून टाकायचीस, आणि माझ्या गोंदियाच्या सासूबाई त्याला "हरी चटनी" म्हणून पुन्हा मागून घ्यायच्या. शामच्या बुढीनं ते पाहिलं असतं तर तिला ओळखता आलं नसतं. मी एकदा तसं म्हटलंही. तुझा चेहरा पडला. तुझ्या मते तू अजून तिचीच नक्कल करत होतीस आणि ती अजून साधत नव्हती. तू दादाकडे वाटी घेऊन गेलीस, समोर बसलीस, आणि तो डोळे मिटून म्हणाला, "अखीन थोडं कमी हाय."

ही दुसरी लढाई संपली आणि गोंदियाच्या ठेसनावर परत येणाऱ्या शिपायांच्या गाड्या लागायला लागल्या. तू माझ्याकडे आली होतीस तेव्हा तुला ते पाहायचं होतं. फलाटावर एक बाई उतरलेल्या नवऱ्याच्या मागे मागे चालली होती, त्याचं बोचकं घेऊन. तू माझा हात धरून म्हणालीस, "तिले सांगा वो कोनी, खायाचं विचार म्हना." मी हसले. तू हसत नव्हतीस.

शेवटच्या आजारात तुला उठवत नव्हतं. मी उशाशी होते. एकदा तू म्हणालीस, "राहिलंच बाई." काय राहिलं ते मी विचारलं नाही, मला ठाऊक होतं. मी म्हटलं, वहिनी, कोणाचंच सगळं होत नाही. तू मान फिरवलीस. तुला असली उत्तरं कधी पटली नाहीत.

आता कालचं सांगते.

तेरवीच्या पानावर गेलेल्याच्या आवडीचं वाढतात. पोरांना सुचेना काय वाढावं. तू आवडीनं काय खायचीस हे कोणालाच नीट सांगता येईना, कारण तू सगळ्यांना वाढून उरलेलं खायचीस. म्हणून मी चणे भिजवले. तुझ्यासारखंच सगळं केलं, तुझ्याच मुसळानं. पान तुझ्या नावानं बाहेर ठेवून आलो आणि थोडं वाटीत घालून मी दादाच्या ताटात ठेवलं. आजवर त्याच्यापुढे तू बसायचीस तिथं मी बसले. त्यानं खाल्लं. या खेपेला डोळे उघडेच होते. मी सवयीनं विचारलं, "तसं झालं का दादा?"

"कोनासारखं?"

"बुढीसारखं."

तो वाटीकडे पाहत म्हणाला, "बुढीची चव मले कोठी आठवते. आलो त्याच साली भुललो मी. चने होते, लिंबू होता, एवढंच ध्यानात हाय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मंग वयनीले दरखेपी 'अखीन थोडं कमी हाय' काऊन म्हनत होता?"

"बराबर झालं म्हटलं असतं तं ते कायले आली असती समोर?" त्यानं बोटानं वाटीची कड पुसली. "बाबा ओसरीवर, माय चुलीपाशी. बायकोसंग बोलाची सोय होती का या घरात? वाटी घेऊन आली का बसे. इचारे. तेवढंच बोलनं होये आमचं."

"अन् मागून? माय-बाबा गेल्यावर तं घर तुमच्या दोघाचंच होतं."

"मागून सवय झाली. ते इचारे तं बरं वाटे." मग म्हणाला, "डोळे मिटून बसलो का ते जवळून पाहे माह्याकडं. उघडले का नजर खाली."

मला त्याचा इतका राग आला वहिनी, की मी त्याच्यापुढून उठले. माजघरात जाऊन भिंतीला टेकून पोटभर रडले. एवढी वर्षं तू फोलपटं काढत बसलीस, एवढ्या वेळा चेहरा पाडून उठलीस, आणि या माणसाला एक वाक्य बोलता आलं नाही. मग रडता रडताच राग कुठे गेला कळलं नाही. मी बाहेर आले तेव्हा तो अजून तिथंच बसला होता. वाटी बाजूला सारलेली. "हे तिच्यासारखं नाई झालं," म्हणाला. तिच्या म्हणजे तुझ्या.

तू साऱ्या जगाला प्रश्न विचारलेस. त्याला विचारलंस आंबट किती, रवाळ किती, आवाज कसा, बुढीसारखं झालं का. तुझं स्वतःचं कसं लागतं, एवढं मात्र तुझ्या तोंडून कधी निघालं नाही, आणि त्याच्या तोंडूनही नाही. म्हणून त्याचं उत्तर मीच कळवते. आपला वाद मी जिंकले, आणि जिंकून मला काडीचाही आनंद नाही. दादा परत आला होता, वहिनी, पहिल्याच साली आला होता. तू ज्याची वाट पाहत होतीस तो तुझ्यासमोरच बसला होता, आणि तू पुन्हा येऊन बसावीस म्हणून डोळे मिटून खोटं बोलत होता.